प्रतवारीच्या नियमांसाठी लुआ की पायथॉन: चूक कुठे अडवायची?

देवगड-रत्नागिरी पट्ट्यातल्या पॅकहाऊससाठी सी प्लस प्लसमध्ये वजनकाट्याचा प्रोग्रॅम लिहिताना हापूसच्या प्रतवारीचे नियम लुआ किंवा पायथॉन या भाषांतल्या वेगळ्या स्क्रिप्टमध्ये (मूळ प्रोग्रॅमने चालवायच्या छोट्या फाइलमध्ये) ठेवणे सोयीचे असते, कारण फळाच्या वजनाच्या मर्यादा हंगामात मध्येच बदलाव्या लागतात आणि त्या बदलणारा माणूस बहुधा प्रोग्रॅमर नसतो. त्याच्या हातून चूक होणारच. पण त्यापायी ऐन मे महिन्यात काटा बंद पडता कामा नये.

लुआमध्ये ‘लुआ_पीकॉल’ हे फंक्शन स्क्रिप्ट चालवते आणि तिची चूक अडवते; हा एकच उंबरठा नीट राखला की बरेचसे काम होते. 0 परत आला तर सर्व ठीक. 2 आला तर स्क्रिप्ट चालताना चुकली, 4 आला तर मेमरी संपली, आणि चुकीबद्दलचा संदेश स्टॅकच्या (लुआ आणि आपला प्रोग्रॅम यांच्यातल्या किमतींच्या चळतीच्या) माथ्यावर मिळतो. खरा धोका आपल्याच कोडमध्ये आहे. समजा, वजन वाचणाऱ्या आपल्या फंक्शनने काट्याचा पोर्ट उघडला आणि त्यानंतर स्क्रिप्टकडून आलेली चुकीची किंमत पाहून चूक उभी करणारे ‘लुआएल_एरर’ बोलावले. लुआ सी म्हणून कंपाइल केलेली असेल, तर ती ‘लाँगजंप’ने थेट उंबरठ्यापर्यंत उडी मारते, वाटेतले डिस्ट्रक्टर (पोर्ट बंद करण्यासारखी आवराआवर करणारा कोड) चालतील याची हमी उरत नाही, पोर्ट उघडाच राहतो आणि पुढच्या क्रेटचे वजन येत नाही. लुआच सी प्लस प्लस म्हणून कंपाइल केली, तर ती उडीऐवजी एक्सेप्शन (वाटेतले डिस्ट्रक्टर चालवत चूक मागे पोचवण्याची पद्धत) वापरते आणि हा प्रश्न मिटतो.

पायथॉन अशी उडी मारत नाही. हाक (फंक्शनला केलेले बोलावणे) फसली की ‘नल’ (रिकामे उत्तर) परत येतो आणि एक्सेप्शन बाजूला नोंदलेले राहते; मात्र ही तपासणी प्रत्येक हाकेनंतर करावी लागते, आणि एक जरी विसरली तर चूक भलत्याच ठिकाणी डोके वर काढते. चूक छापणारे ‘पायएर_प्रिंट’ तर विशेष जपून वापरावे, कारण स्क्रिप्टमध्ये कोणी ‘सिस.एक्झिट’ (बाहेर पडण्याची आज्ञा) लिहिले असेल, तर ते चूक छापण्याऐवजी आपला संपूर्ण प्रोग्रॅमच बंद करते. पायथॉनच्या बाजूने एक गोष्ट मात्र मोलाची आहे: किंमत वाचताना चलाचे नाव एका अक्षराने चुकले तर तो त्या ओळीवरच थांबतो, तर लुआ त्याला निमूटपणे ‘निल’ (किंमतच नाही असे) मानून पुढे जाते.

काट्यासाठी मी लुआच घेईन, कारण ‘लुआ_सेटहुक’ या फंक्शनने स्क्रिप्टने किती सूचना चालवाव्यात याची मर्यादा घालून न संपणारे लूपसुद्धा त्याच उंबरठ्यावर चूक म्हणून अडवता येते. नियमांना एक्सेल फाइली वाचायच्या असतील, तर पायथॉन घ्यावा; पण तो काट्यापासून वेगळ्या प्रोसेसमध्ये (स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालवावा.