ग्रॅनाइट की बेसाल्ट? दोन तुकडे, एक भिंग

कोल्हापुरात दगडाच्या नमुन्याचं वर्णन लिहायला शिकायचं, तर सुरुवात कोणत्या दगडापासून करावी? टेबलावर दोन दगड आहेत. एक जोतिबाच्या डोंगरावरचा बेसाल्ट, दुसरा कर्नाटकातला क्लोजपेट ग्रॅनाइट.

आधी ग्रॅनाइट. नुसत्या डोळ्यांनीही त्याचे दाणे वेगवेगळे दिसतात. काचेच्या फुटक्या कडेसारखी राखाडी गारगोटी (आपल्या जिल्ह्यातल्या गावाचंही हेच नाव!) चाकूला दाद देत नाही. गुलाबी पोटॅश फेल्डस्पार (पोटॅशियम असलेलं खनिज) उन्हात फिरवला की त्याचे सपाट पृष्ठभाग चमकतात. पांढुरका प्लॅजिओक्लेज (फेल्डस्पारचाच दुसरा प्रकार) आणि नखाने पापुद्रा निघेल असा काळा बायोटाइट अभ्रकही आहे. दाणे एवढे मोठे, कारण शिलारस जमिनीखाली काही किलोमीटरवर अतिशय सावकाश थंड झाला. वय सुमारे 250 कोटी वर्षं.

बेसाल्ट मात्र भिंगाखालीही बहुतेक काळाच दिसतो. लाव्हा उघड्यावर पसरून पटकन निवला, स्फटिकांना वाढायला वेळच मिळाला नाही. त्यात प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सिन हे गडद खनिज असतं. गारगोटीचे दाणे नसतात. सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग) साधारण 50 टक्के, ग्रॅनाइटमध्ये 70च्या आसपास. दख्खनचे हे थर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे त्यामानाने कालचेच.

कोल्हापुरात नमुन्याचं वर्णन लिहायला शिकायचं तर मी ग्रॅनाइटपासूनच सुरुवात करायला सांगेन, कारण त्यात खनिजं स्वतःहून ओळख देतात. फक्त ओट्यावरच्या 'काळ्या ग्रॅनाइट'चा तुकडा आणू नका. तो बहुतेकदा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, म्हणजे बेसाल्टचाच सख्खा भाऊ.