दहावी गणिताची शिकवणी: कुणाला लावावी, कुणाला नको

शिकवणी घेणाऱ्या शिक्षकांच्या नजरेतूनही पाहिलं तर राज्य मंडळाच्या गणिताला ती सरसकट लागत नाही. भाग 1 (बीजगणित), भाग 2 (भूमिती), लेखी 40-40 गुण. बालभारतीचे सरावसंच मूल स्वतः सोडवत असेल तर फी वाचवा. वर्गसमीकरणाच्या सूत्रात b = −5 असताना −b चं चिन्ह चुकतंय, अपूर्णांक अडतायत? मग कच्चेपणा सातवी-आठवीचा आहे. तिथे तिघा-चौघांची बॅच खरंच कामाची. साठ जणांच्या क्लासात छापील नोट्स मिळतात, वही कोण तपासणार? भूमितीत आकृती, विधानं बरोबर असतात, पण प्रत्येक विधानापुढे कंसात लिहायचं कारण राहतं आणि गुण जातात. ते वहीतच दिसतं. वर्षाची फी एकरकमी मात्र भरू नका, महिन्याने द्या.