पंखांच्या कोनात उणे ठरलेले बाल्सा ग्लायडरचे किट

मे महिन्यात नागपूरच्या सीताबर्डीवरील एका दुकानातून मी बाल्सा लाकडाच्या ग्लायडरची दोन किट घेतली, एक स्वतःसाठी आणि एक एनसीसीच्या हवाई शाखेत नुकत्याच दाखल झालेल्या माझ्या पुतण्यासाठी. लाकूड हलके व सरळ धाऱ्यांचे आहे, रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या पातळ पट्ट्या, लेझरने इतक्या स्वच्छ कापल्या आहेत की बहुतेकींना पॉलिश पेपर लावावाच लागला नाही, आणि सोबतचा नकाशा पूर्ण मापाचा आहे. तक्रार एकाच भागाची आहे, परंतु विमान उडणार की कोसळणार हे त्याच भागावर ठरते. तो भाग म्हणजे पंखाचे दोन अर्ध मधोमध जोडणारी, कोनात कापलेली प्लायवूडची पट्टी.

समोरून पाहिल्यास पंखांची टोके मुळापेक्षा, म्हणजे मधल्या जोडापेक्षा, उंच दिसतात, या उठावाला डायहेड्रल म्हणतात. विमान एका बाजूला कलले की ते त्या बाजूला घसरू लागते. घसरताना खालच्या पंखाला हवा अधिक कोनातून भिडते, त्याची उचल वाढते आणि विमान पुन्हा सरळ होते. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाची टोके उलट किंचित खाली झुकलेली होती, पण तोल सावरायला त्यावर चालक होता. आपल्या ग्लायडरवर कोणीच नसते, म्हणून हा उठाव त्याच्या पंखातच असावा लागतो.

पंखाचा एकूण विस्तार १००० मिलिमीटर असून नकाशात प्रत्येक टोक ४५ मिलिमीटर उंच दाखवले आहे, म्हणजे कोन पाच अंशांहून थोडा अधिक होतो. पट्टी बसवून मोजले तेव्हा उंची २८ मिलिमीटरच भरली. दोन्ही किटमध्ये तीच चूक असल्याने ती कापणीतच झाली असावी. पुतण्याने उत्साहाच्या भरात आहे तशीच पट्टी चिकटवली. मी ती नमुन्याला ठेवून इतवारीतून आणलेल्या २ मिलिमीटर प्लायवूडची नवी पट्टी नकाशावरून कापली.

कोन वाढवला की मुळाच्या रिबचा उतारही बदलावा लागतो, नाहीतर दोन अर्धांच्या मध्ये वरच्या बाजूला किंवा खाली फट राहते. त्यासाठी प्रत्येक अर्ध पाटाच्या कडेशी ठेवून त्याचे टोक ४५ मिलिमीटर उचलले आणि पॉलिश पेपर लावलेला ठोकळा कडेला उभा धरून मूळ घासले. जोडताना मात्र एक अर्ध पाटावर सपाट दाबून ठेवावा लागतो, म्हणून दुसऱ्याचे टोक दुप्पट, म्हणजे ९० मिलिमीटर उचलावे. टोकाची पुढची आणि मागची कड वेगवेगळी मोजून पाहावी, कारण पंख पिळलेला राहिला तर अचूक डायहेड्रलही विमानाला वाचवत नाही.

किटमध्ये पाच मिनिटांत घट्ट होणारे इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचे चिकटद्रव्य, दिले आहे. नागपूरच्या मे महिन्यात ते पट्टीवर पसरेपर्यंतच ओढ धरू लागते, त्यामुळे मी अर्ध्या तासाचे वापरले आणि काम पहाटे केले. कूलरसमोर तर पंख ठेवूच नये. दमट वाऱ्याने बाल्सा वाकतो आणि पंखावरच्या कागदाला लावलेला डोप (कागद ताणून घट्ट करणारे वार्निशसारखे द्रव) पांढरट पडतो. सूचनापत्रकात यातले काहीही नाही.

हिंगणा रस्त्यापलीकडील मोकळ्या शेतात, वारा सुटण्याआधी, दोन्ही विमाने दोरीने ओढून सोडली. पुतण्याचे विमान डावीकडे कलले, वळण प्रत्येक फेरीला आवळत गेले आणि ते नाक खाली घालून ढेकळांत शिरले. माझे विमानही दोरी सुटताना तितकेच कलले होते, परंतु अर्ध्या वळणात त्याने पंख सावरले आणि सपाट तरंगत ते बांधापर्यंत गेले. पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने दोन्ही पंख शेजारी धरून टोकांच्या उंचीत बोट घालून पाहिले.

उठाव वाढवल्याने उचल घटते असा आक्षेप घेतला जातो, पण या कोनात ती घट अर्धा टक्काही नाही. मात्र ४५ च्या फार पुढे जाऊ नये, कारण या किटचा उभा शेपूटपंख लहान आहे आणि उठाव अति झाला तर विमान डुलत राहते.

लाकडासाठी आणि नकाशासाठी मी हे किट पुन्हा घेईन. पट्टी मात्र चिकटवण्याआधी नकाशावर ठेवून पाहावी, आणि कोन जुळला नाही तर ती सरळ बाजूला काढावी. दुकानदाराला मी दोन्ही मापे लिहून दिली असून त्यांनी ती उत्पादकाकडे पाठवण्याचे मान्य केले आहे. पुतण्याच्या विमानाचा पंख मुळाशी कापून ठेवला आहे, नवी पट्टी या रविवारी बसेल.