पोस्ट झाकायची की फॉरवर्ड आवळायचा?

निवडणुकीत मजकूर रोखायचे दोन रस्ते. पहिला, पोस्टच झाकणं. एप्रिल 2024 मध्ये निवडणूक आयोगाच्या आदेशावरून एक्सने (पूर्वीचं ट्विटर) काही राजकीय पोस्ट भारतात झाकल्या आणि आदेश पटत नसल्याचंही जाहीर केलं. निदान कोणी झाकायला लावलं ते कळलं.

दुसरा व्हॉट्सॲपचा: एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड, फार फिरलेला मेसेज एकालाच. मजकूर राहतो, वेग मंदावतो. मुंबईत 18 नोव्हेंबर 2024 ला संध्याकाळी सहाला विधानसभेचा प्रचार थांबला, तरी आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर फार फिरलेल्या मेसेजवर दिसणारी दोन बाणांची खूण मिरवत क्लिपा येतच होत्या. रिकामटेकड्या काकांना कोण आवरणार!

तरी मला दुसराच रस्ता बरा वाटतो. झाकलेल्या पोस्टचा स्क्रीनशॉट दुप्पट जोरात फिरतो.