जिन्यावरची खुर्ची: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या घरात स्टेअरलिफ्ट, म्हणजे जिन्यालगतच्या रुळावरून बसल्या माणसाला वर-खाली नेणारी मोटरची खुर्ची, हा शब्द फक्त बिलावर आहे. बाकी सगळे 'खुर्ची'च म्हणतात. गेल्या दसऱ्याच्या आठवडाभर आधी बसवली, परवा महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं, म्हणजे अकरा महिने झाले. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, ७६ वर्षांच्या, दोन्ही गुडघे गेलेले, त्यात उजवा जास्त. दिवसाला तीन-चार फेऱ्या होतात. घ्यायच्या आधी मराठीत कोणी नीट लिहिलेलं सापडलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

नागपुरात प्रतापनगरच्या बाजूचं आमचं घर जुनं, दुमजली. खाली हॉल, स्वयंपाकघर, देवघर. झोपायच्या खोल्या वर. जिना आतून, एका रेषेत, १५ पायऱ्यांचा. आईंचा पलंग खाली आणणं हा सगळ्यात स्वस्त उपाय होता आणि आम्ही तो उन्हाळाभर करून पाहिला. खालचा संडास बैठा, त्यामुळे कमोडची खुर्ची हॉलच्या कोपऱ्यात पडद्याआड ठेवावी लागली. कोणी आलं की त्या अवघडून जायच्या. पुन्हा वर राहायला गेल्या त्या नंतर खाली आल्याच नाहीत. गेल्या वर्षी महालक्ष्म्यांची आरती त्यांनी वरच्या कठड्याशी उभं राहून ऐकली. चाळीस वर्षं आंबील-कथलीचा नैवेद्य स्वतः करणारी बाई. त्या रात्रीच यांनी चौकशी सुरू केली. घरगुती लिफ्टचाही विचार झाला, पण स्लॅब फोडावा लागला असता, तो नको म्हटलं.

सरळ जिन्याचं एक बरं असतं. रूळ तयारच असतो, तो हव्या त्या लांबीला कापतात. वळणाच्या जिन्याला तो मोजमाप घेऊन खास बनवावा लागतो आणि किंमत फार वाढते. आम्हाला तीन कोटेशन आली, अडीच ते चार लाखांमधली. सुरुवातीला आम्ही मोटर, वजनाची क्षमता, गॅरंटी असं सगळं वहीत लिहून तुलना करत बसलो. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. आईंचं वजन ६८ किलो, आणि तिन्ही खुर्च्या १२० च्या वरच पेलणाऱ्या. वेगातही फरक नाही. युरोपच्या ईएन 81-40 या मानकात वेग सेकंदाला ०.१५ मीटरच्या आत ठेवलेला आहे, त्यामुळे सगळ्याच संथ. आमच्या जिन्याला पाऊण मिनिट लागतं.

निर्णय झाला तो एका ओळखीच्यांकडे बसवलेली खुर्ची आईंना दाखवायला नेलं तेव्हा. आई आधी नाहीच म्हणत होत्या. "मध्येच लाइट गेली तर मी अधांतरी लटकून राहीन नं, बाप्पा!" बसल्या, वर गेल्या, सगळं छान. वर पोचल्यावर खुर्ची जिन्याकडून फिरवून मजल्याकडे तोंड करायची असते, म्हणजे उतरताना पाठीमागे जिना राहतो आणि तोल गेला तरी माणूस खाली कोसळत नाही. त्यासाठी सीटखालचा दांडा दाबायचा. आईंची बोटं संधिवाताने आखडलेली, दांडा दबेचना. मग त्या तशाच, जिन्याच्या तोंडाशी, कडेने उतरायला निघाल्या. माझ्या अंगावर काटा आला. आम्ही बटणावर फिरणारी सीट घेतली. पैसे जास्त पडले, पण मी तर म्हणेन की बाकी कुठेही कमी करा, इथे नको. आणि ज्यांच्यासाठी घ्यायची त्यांना प्रत्यक्ष बसवून, वर नेऊन, उतरवून पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

बसवायला एक दिवस लागला. रूळ भिंतीला लागत नाही, त्याचे आधाराचे पाय पायऱ्यांवर टेकवून बोल्टने पक्के करतात. आमच्या पायऱ्या ग्रॅनाइटच्या. कारागिराने ठोक्याशिवाय, पाणी मारत सावकाश भोकं पाडली, एकही कपची उडाली नाही. हे आधीच सांगून ठेवा. जिना तीन फूट रुंद आहे. खुर्ची घडी करून ठेवली की चौदा-पंधरा इंच जागा जाते, बाकीच्यातून आपण कडेने चढतो. पलंग, कपाट वर न्यायचं तर मात्र आता अवघड आहे. खाली रुळाचं टोक पहिल्या पायरीच्या पुढे फूटभर येतं. आमच्याकडे एका बाजूला स्वयंपाकघराचं दार आहे, तिकडून बसवली असती तर रोज पाय अडकला असता, म्हणून दुसरी बाजू धरली. जागा नसेल तर टोक वर उचलणारा रूळ मिळतो.

बसवल्यावर दोन बदल करून घेतले. आईंची उंची चार फूट दहा इंच, पाय पायठ्यावर टेकत नव्हते. सीट एक खाच खाली घेतली. आणि चालवायचा खटका उजव्या हातावर होता तो डावीकडे आणला. हा खटका पूर्ण वेळ दाबून धरावा लागतो, बोट उचललं की खुर्ची थांबते. दुखऱ्या हाताला पाऊण मिनिटसुद्धा खूप होतं.

लाइटच्या भीतीचं उत्तर बॅटरी. खुर्ची बॅटरीवर चालते, घरची वीज फक्त ती भरायला लागते. वर आणि खाली थांबायच्या जागी चार्जिंग होतं. पावसाळ्यात दोन-तीनदा लाइट गेली, खुर्ची चालत राहिली. पण फेब्रुवारीत आम्ही लग्नाला चार दिवस अमरावतीला गेलो आणि सवयीने मेन स्विच बंद करून गेलो. परत आलो तर खुर्ची नुसती बीप-बीप करत होती. त्या रात्री आईंना मी आणि यांनी धरून, एकेका पायरीवर बसवत वर नेलं. आता मेन स्विचवर चिकटपट्टी लावली आहे.

दुसरा त्रास मे महिन्यात झाला. जिन्याला पश्चिमेची खिडकी, पारा ४५ च्या वर, दुपारभर ऊन खुर्चीवर. बॅटरी लवकर उतरायला लागली. विक्रेत्याने विकताना "दुसऱ्या दिवशी माणूस येईल" म्हटलं होतं. आला नवव्या दिवशी, कारण नागपुरात त्यांचा माणूसच नव्हता. हे आम्ही आधी विचारायला हवं होतं, आणि लेखी घ्यायला हवं होतं. तुम्ही घ्या. ते नऊ दिवस आई वरच होत्या, जेवणाचं ताट मी वर नेत होते. बॅटऱ्या सीलबंद शिसे-आम्लाच्या असतात, उष्णतेने त्यांचं आयुष्य घटतं, असं त्या कारागिराने समजावलं. आता खिडकीला वाळ्याचा पडदा आहे आणि दुपारी खुर्ची खाली, सावलीत उभी असते. जूनपासून तक्रार नाही.

साडी नेसणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. रुळाला दात असतात, त्यांना ग्रीस लावलेलं असतं. पदर किंवा काठ लोंबला तर तिथे जाऊ शकतो. आई आता बसल्यावर आधी निऱ्या गुडघ्यांखाली दाबतात, पदर खोचतात, पट्टा लावतात, मग खटका. पायठ्याच्या कडेला काही अडलं की खुर्ची थांबते. पायरीवर राहिलेल्या चपलेपाशी ती थांबलेली मी पाहिली आहे. पण लोंबत्या कपड्यासाठी त्यावर विसंबू नका. दिवाळीत भाचेमंडळी आली तेव्हा त्यांनी खुर्चीशी खेळू नये म्हणून तिची किल्ली काढून देवघरात ठेवली होती.

यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी आई सकाळी सहाला खाली होत्या. कढईसमोर उंच स्टुलावर बसून आंबील त्यांनीच ढवळली, मला हात लावू दिला नाही. दुपारी वर जाऊन पडल्या, संध्याकाळी आरतीला परत खाली आल्या, कोणालाही हाक न मारता.

एक काम राहिलं आहे. वर खुर्चीतून उतरल्यावर आईंच्या खोलीच्या दाराशी चार इंचांचा उंबरा आहे, तिथे त्यांना अजून माझा हात लागतो. दिवाळीच्या आधी तिथे उतार करून बाजूला स्टीलचा दांडा बसवायला मिस्त्रीला सांगितलं आहे.