तळ मुलाचा, वेणी बाजारची: सुभाषनगरातील एका चप्पल कारागिराच्या दुकानाविषयी

कोल्हापूरच्या सुभाषनगरातील या दुकानातून मी चौदा वर्षांत कोल्हापुरी चपलांचे तीन जोड घेतले. 2011 मधला पहिला जोड वडिलांच्या हातचा होता, 2018 मधला दुसरा वडिलांचा म्हणून विकलेला पण प्रत्यक्षात मुलाच्या हातचा होता आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये घेतलेला तिसरा उघडपणे मुलाने केलेला आहे. हे तीनही जोड आजमितीस माझ्याकडे असल्याने ते शेजारी ठेवून पाहता येतात, आणि एका घराने आपला धंदा पुढच्या हाती कसा दिला हे त्या सहा चपलांवर स्पष्ट वाचता येते. दुकानाचे नाव मी देत नाही, कारण आधीच हाती असलेले काम वेळेवर होत नाही, त्यात आणखी गर्दी नको, अशी त्यांची विनंती आहे आणि ती मला रास्त वाटते.

दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली आणि तिच्यामागे घर. शिवाजी चौकाकडच्या चप्पल लाइनीतली झगमग येथे नाही. तयार माल फारतर पंधरा-वीस जोड, बाकी सर्व मापावर. वडील, म्हणजे काका, आता सत्तरीचे आहेत, मुलगा पस्तिशीचा. त्याची आई, म्हणजे काकू, आतल्या खोलीत बसतात आणि दुकानाच्या व्यवहारात त्यांचा आवाज सहसा ऐकू येत नाही. हे मी मुद्दाम नोंदवतो, त्याचे कारण पुढे येईल.

पहिल्या जोडाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. म्हशीच्या कातड्याचा तळ, वादीची, म्हणजे कातड्याच्या बारीक पट्टीची शिवण, कुठेही खिळा नाही. पहिले दहा दिवस चपलेच्या अंगठ्याने पाय सोलला, गोडेतेल लावून जोड मऊ केला आणि त्यानंतर सहा वर्षे, पावसाळा वगळून, तो रोज वापरला. टाचेचा खालचा थर एकदा बदलावा लागला, एवढाच खर्च. पट्ट्यावरची कातड्याची वेणी मात्र आजही एका टोकालासुद्धा सुटलेली नाही.

दुसऱ्या जोडाने त्रास दिला. डाव्या चपलेचा कान, म्हणजे पट्टा जोडलेली बाजूची पाकळी, किंचित पुढे बसला होता, त्यामुळे पट्टा करंगळीवर दाबत असे, आणि तीन महिन्यांत तळाचे थर कडेने सुटू लागले. मी तक्रार घेऊन गेलो तेव्हा काकांनी चप्पल हातात घेतली, काही न बोलता रापीने, म्हणजे कातडे कापायच्या सुरीने, कड साफ केली, आरीने, म्हणजे टोच्याने, नवी भोके पाडली आणि तासाभरात ती पुन्हा शिवून दिली. पैसे घेतले नाहीत. मुलगा बाजूला उभा राहून पाहत होता. निघताना मी विचारले तेव्हा काका म्हणाले, “पोरानं केलेला जोड हुता तो. पहिलाच.”

येथे माझा आक्षेप आहे, आणि तो मी त्यांना तोंडावरही सांगितला. शिकाऊ हाताचे काम पूर्ण भावाने विकणे आणि ते कोणाचे आहे हे लपवणे म्हणजे मुलाच्या शिक्षणाची फी गिऱ्हाइकाकडून नकळत वसूल करणे होय. त्याहून मोठे नुकसान मुलाचे होते. चूक त्याची, पण ती ऐकली वडिलांनी, सुधारली वडिलांनी आणि दिलगिरीही वडिलांनीच दाखवली. चप्पल शिवण्याचे काम त्याच्याकडे आले होते, चपलेबद्दल उत्तर देण्याचे काम आले नव्हते. बहुतेक घरगुती धंद्यांत हीच गल्लत होते. हत्यारे लवकर दिली जातात, गल्ला उशिरा, आणि गिऱ्हाइकाच्या नाराजीसमोर उभे राहण्याची पाळी तर बापाच्या माघारीच येते.

या दुकानाने ती गल्लत पुढे बऱ्याच अंशी दुरुस्त केली, म्हणून मी तिसऱ्यांदा तेथे गेलो. काकांच्या शिकवण्याला एक ठरलेला क्रम होता: आधी कातडे भिजवणे आणि ठोकून घट्ट करणे, मग आरीचे काम, मग वादीची शिवण, आणि सर्वांत शेवटी रापीने तळ कापणे. कारण विचारले तर त्यांचे उत्तर साधे होते: “शिवण चुकली तर उसवता येती. कातडं चुकलं की गेलं.” ही शेवटची पायरी 2020 च्या टाळेबंदीत आली. दुकान बंद, ऑर्डर नाही, घरात कातडे पडून. बिघडले तरी कोणाला जोड द्यायचा नव्हता. त्या दिवसांत मुलाने बरेच कातडे वाया घालवले, आणि काकांनी ते घालवू दिले. ते तुकडे अजून माळ्यावर आहेत; मुलाने ते मला हसत दाखवले.

त्यानंतर दुकानात एक चांगली पद्धत आली. आता तेथे एक शेजारचा मुलगा शिकतो, त्याचे जोड वेगळ्या फळीवर असतात, ते शिकाऊ हाताचे आहेत असे सांगितले जाते आणि भाव सुमारे तिसऱ्या हिश्शाने कमी असतो. तक्रार आली तर ज्याने जोड केला त्याला बाहेर बोलावले जाते. मी गेलो त्या दिवशी एक गृहस्थ पट्टा सैल झाल्याची कुरकुर करत होते. त्यांच्याशी बोलला तो काकांचा मुलगाच, आणि काका कोपऱ्यात बसून समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिले. मध्ये एकदा त्यांचा हात चपलेकडे गेला आणि परत मांडीवर आला. त्या वयाच्या कारागिराला रापी ठेवण्यापेक्षा तो हात आवरणे अवघड असावे.

वडिलांकडून काय घ्यायचे आणि काय नव्याने उभे करायचे याचाही मुलाने नीट विचार केलेला दिसतो. काकांकडे गिऱ्हाइकांच्या पायांच्या आकाराची वही होती. कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने काढलेली रेघ आणि बाजूला काही ठिपके, काही फुल्या, ज्यांचा अर्थ फक्त काकांना ठाऊक. मुलाने प्रत्येक पानाचा फोटो काढला आणि वडिलांना विचारून खुणांचा अर्थ लिहून ठेवला: येथे पाय संध्याकाळी सुजतो, येथे उजवा पाय डाव्यापेक्षा रुंद आहे. माझ्या पानावर “चालताना टाच बाहेर टाकतात” असे निघाले. हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हते.

कातड्याच्या खरेदीत मात्र वडिलांचे निम्मे ज्ञान कालबाह्य झाले होते. कोल्हापूर भागात पूर्वी कातड्याची पिशवी शिवून तिच्यात बाभळीची साल आणि हिरड्याचे पाणी भरून ते कमावत, आणि काकांच्या ओळखी त्या लोकांशी होत्या. ते काम करणारे कमी होत गेले, त्यातच 2015 मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल आणि वळू यांनाही लागू झाला आणि बैलाच्या कातड्याची ठरलेली आवक विस्कटली. आता म्हशीचे कमावलेले कातडे तमिळनाडूकडून मागवावे लागते. हा व्यवहार वडील शिकवू शकत नव्हते. त्यांनी शिकवले ते कातडे बोटांत धरून वाकवून पाहणे, आणि तेवढे पुरले.

तिसऱ्या जोडाची किंमत 2,800 रुपये होती. तळ अप्रतिम आहे. थरांची कड एकसारखी, शिवण वडिलांपेक्षा किंचित बारीक, कान जेथे हवा तेथे. जून 2025 मध्ये मिलानमधल्या एका फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि त्यावरून गदारोळ झाला, तेव्हा येथेही विचारणा वाढली. परंतु मुलाने आगाऊ पैसे घेऊन मोठी कामे घेण्याचे नाकारले आणि मला स्पष्टपणे पाच आठवड्यांची मुदत सांगितली. जोड सदतीस दिवसांनी मिळाला. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतील मिळून आठ जिल्ह्यांना. त्याविषयी विचारले असता मुलगा म्हणाला की मानांकनाने नाव राखले जाते, माप ज्याचे त्याने राखायचे.

आता दोष. पट्ट्यावरची वेणी दोन महिन्यांत सुटू लागली. पहिल्या जोडाची वेणी चौदा वर्षांनी अभंग आणि नव्याची ही अवस्था, हे पाहून मी दुकानात गेलो. मुलाने लगेच कबूल केले की वेणी आता घरची नसून बाहेरून तयार आणलेली असते. पूर्वीची वेणी काकू करत. मोतीबिंदूनंतर त्यांनी हे काम सोडले, सून पतसंस्थेत नोकरीला जाते, आणि दुसऱ्या कोणाला ते येत नाही. म्हणजे ज्या घराने तळ कापायला मुलगा दहा वर्षे तयार केला, पायांच्या वहीतले ठिपकेसुद्धा उतरवून घेतले, त्या घरात वेणीचा वारस कोण हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नव्हता. चपलेकडे पाहताना गिऱ्हाइकाची नजर आधी वेणीवर जाते. तरी घरात ती “हातासरशी होणारी” कामे या सदरात मोडत होती.

काकू दारात आल्या होत्या. त्यांना मी विचारले की ही वेणी कोणाला शिकवावी असे कधी वाटले नाही का. त्या म्हणाल्या, “मला कुनी इचारलंच न्हाई. इचारलं असतं तर शिकीवली असती की.” काका यावर काही बोलले नाहीत. मुलाने सुटलेली वेणी उचलून पाहिली आणि आईला विचारले की सुरुवात चार पदरांनी करायची की पाच. त्यांनी तेथेच उंबऱ्यावर बसून, डोळ्यांपेक्षा बोटांच्या भरवशावर, शेळीच्या कातड्याच्या पट्ट्या चाचपायला घेतल्या.

तळ, माप, मुदत आणि शब्द या चारही बाबतींत हे दुकान मी निःशंकपणे सुचवीन. तेथे गेल्यास जोड कोणी केला आणि वेणी कोठली, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. खरे उत्तर मिळते. चौथा जोड मी सांगून आलो आहे, वेणीशिवाय, साध्या पट्ट्याचा. पट्ट्यावर वेणीची जागा मोकळी सोडायला सांगितली असून ती घरची झाली की बसवून देण्याचे ठरले आहे. मुदत विचारली तेव्हा मुलाने आईकडे पाहिले.