ई-चलान: लोकअदालतीत मिटवायचं की कोर्टात लढायचं?

दोन्हीकडे वकील लागत नाही, पण दोन्ही गोष्टी एक नाहीत. चूक आपलीच असेल, सिग्नल तोडलाच असेल, तर लोकअदालत बरी, कोर्ट फी नाही, तडजोड होते आणि बरेचदा एका दिवसात विषय संपतो. फक्त तिथला निवाडा फायनल, त्यावर अपील नाही, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच तसं आहे.

पण चलानच चुकीचं असेल तर तडजोड कशाला करायची? मला आलेल्या चलानचा फोटो मोठा करून बघितला तर गाडी काळी बाईक, माझी पांढरी स्कूटर, नंबरातला ३ चा ८ वाचलेला. अशा वेळी आधी महाट्रॅफिक ॲपवर तक्रार टाका, नाही ऐकलं तर कोर्टात मॅजिस्ट्रेटसमोर सरळ सांगा, गुन्हा कबूल नाही, मग सिद्ध करायचं काम सरकारी पक्षाचं. आरसी, गाडीचे फोटो, चलानची प्रिंट फाईलला लावून न्या. तारखा पडतात, सुट्टी जाते हे खरं, तरी न केलेला गुन्हा कबूल करू नका असंच मी सांगेन.